मुंबईतल्या रोजगाराच्या आकड्यांमागचे तंटे

मे २०२५ पासून केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय बेरोजगारीचा दर महिन्याच्या महिन्याला जाहीर करू लागलं. पहिला आकडा एप्रिलचा होता, ५.१ टक्के. त्याआधी ग्रामीण आणि शहरी मिळून देशाचं चित्र वर्षातून एकदाच मिळायचं. तिमाहीला मिळायचं ते फक्त शहरांचं. आता आकडा वारंवार येतो, त्यामुळे त्यावर वादही वारंवार होतो. सत्ताधारी दर घसरल्याचं सांगतात, विरोधक म्हणतात की भरतीच्या रांगा बघा. दोघांच्याही बोलण्यात थोडंफार तथ्य असतं, पण हा आकडा कशासाठी आणि कोणासाठी काढायला घेतला, हे दोघेही सांगत नाहीत.

मुंबईपुरतं बोलायचं तर इथल्या रोजगाराचा जवळजवळ प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या तंट्यातून आलेला आहे. तंटा मिटला की मोजणी सुस्तावते, आणि त्या तंट्यात जो नव्हता त्याची नोंद बहुधा राहूनच जाते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला सूतगिरणी धडधडू लागली. १८७५ मध्ये गिरणीमालकांची संघटना झाली. तिच्या वार्षिक तक्त्यांत प्रत्येक गिरणीच्या चात्या किती, माग किती आणि रोज सरासरी किती माणसं कामावर, हे छापलेलं असे. शहरातल्या नोकऱ्यांची सलग म्हणावी अशी पहिली आकडेवारी हीच. ‘रोज सरासरी’ या शब्दांत मात्र पुष्कळ काही दडलं होतं. भरती जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या हातात होती. कोकणातून, घाटावरून आलेला गडी गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपर्यंत पोचायचा, आणि कायम होईपर्यंत वर्षानुवर्षं बदली म्हणून पहाटे फाटकावर उभा राहायचा. आत कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर खोलीवर परत. सरासरीत तो कधी असे, कधी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. पण त्यांच्या मागण्या कामाचे तास, सुट्टी आणि वेळेवर पगार यांच्या होत्या. काम न मिळालेल्यांची गणती तेव्हा कोणाच्याच अजेंड्यावर नव्हती.

सरकार मोजायला बसलं ते संपांमुळे. पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापड कडाडलं, पगार मागे राहिला, आणि जानेवारी १९१९ मध्ये व पुन्हा १९२० मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. मालक म्हणत, पगार पुरेसा वाढवलाय. कामगार म्हणत, बाजारात जाऊन बघा. निवाडा करायला कोणाकडेच कागद नव्हता. म्हणून १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू झालं. फिंडले शिराज यांच्या देखरेखीखाली कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली, गिरण्यांतल्या मजुरीची गणना झाली, आणि जुलै १९१४ ला १०० धरून मुंबईचा राहणीमान खर्चाचा निर्देशांक दर महिन्याला छापून येऊ लागला.

देशात इतकी तपशीलवार कामगार आकडेवारी तेव्हा फार कमी ठिकाणी निघत होती. मुंबईकरांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्यात मोजलं जात होतं ते कामावर असलेल्या माणसाचं पोट. बदलीवाल्याची दखल मालकांनी घेतली ती १९३५ मध्ये, तीही शिस्तीसाठी. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचं आणि त्यांनी रोज सकाळी फाटकावर हजेरी लावायची, अशी ती पद्धत. बायकांची कथा आणखी वेगळी. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढे यंत्रं सुधारली, रात्रपाळीची बंदी होतीच, बाळंतपणाच्या भत्त्याचे कायदेही आले, आणि वाइंडिंग-रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांतून त्यांना हळूहळू कमी करण्यात आलं. त्यातल्या कितीतरी जणी खानावळ चालवू लागल्या, म्हणजे गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालू लागल्या. गिरणीच्या मस्टरवर त्या कुठेच नव्हत्या.

निर्देशांकाचं पुढे मोठं रामायण झालं. दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता आला आणि तो या निर्देशांकाला जोडला गेला. आता एका आकड्याच्या चढउतारावर लाखो पाकिटं हलू लागली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कामगार संघटनांनी उघड आरोप केला की निर्देशांक मुद्दाम खाली दाखवला जातोय. प्रकरण इतकं तापलं की १९६३ मध्ये राज्य सरकारला डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि समितीने दुरुस्त्या सुचवल्या. निर्देशांकाच्या पद्धतीसारख्या रुक्ष विषयावर चाळीतला माणूस हमरीतुमरीवर येत होता, कारण त्याच्या घरातलं रॉकेल आणि तांदूळ त्यावर ठरत होतं. आजच्या बेरोजगारी दराला असा कोणी धनी नाही. त्याच्या दशांशावर कोणाचा पगार वाढत नाही, आणि म्हणूनच त्यावर भांडण होतं ते फक्त टीव्हीवर.

बेरोजगारांची अधिकृत यादी आली ती सैनिकांमुळे. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्यांना कामाला लावण्यासाठी रोजगार विनिमय केंद्रं उघडली, नंतर ती सर्वांना खुली झाली. रिकाम्या जागा या केंद्रांना कळवणं बंधनकारक करणारा कायदा १९५९ चा. तो लागू झाला १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच दिवशी. सरकारी आस्थापना आणि २५ वा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापना यांनी दर तिमाहीला ‘ईआर-१’ नावाचा तक्ता भरायचा: तिमाहीअखेर किती माणसं कामावर, किती जागा रिकाम्या, कुठली माणसं मिळत नाहीत. संघटित क्षेत्रातल्या नोकऱ्यांची जी जुनी मालिका अभ्यासक वापरतात, ती याच तक्त्यांवर उभी आहे. तक्ते भरणारा बहुतेक वेळा हेडक्लार्क असे, आणि मागच्या तिमाहीचे आकडे थोडे हलवून पुढे पाठवण्याची कला त्याला अवगत असे. ज्यांनी आस्थापना विभागात दिवस काढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मॅट्रिक झालेल्या पोराला मग घरोघर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: ‘एम्प्लॉयमेंटला नाव घातलंस का?’ नाव घालायचं, कार्डाचं नूतनीकरण करायचं, कॉलची वाट बघायची. कॉल येईपर्यंत पोरगा मामाच्या ओळखीने कुठेतरी चिकटलेला असे, पण नाव यादीत तसंच. म्हणून या नोंदवहीतली संख्या म्हणजे बेरोजगारांची संख्या धरता येत नाही. तरी वर्षानुवर्षं विधिमंडळात तीच संख्या फेकली गेली, कारण दुसरी हाताशी नव्हती.

याच काळात मुंबईत एक अनधिकृत मोजणीही झाली, आणि परिणामाच्या बाबतीत तिने सगळ्या सरकारी तक्त्यांना मागे टाकलं. ‘मार्मिक’ साप्ताहिकातून कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या, ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली. आडनावं वाचायची आणि मराठी किती ते मोजायचं, एवढीच पद्धत. नमुना निवड वगैरे काही नाही. पण प्रश्न खरा होता. कारकुनी आणि साहेबी नोकऱ्यांत मराठी तरुण कुठे आहे, हे सांगणारा अधिकृत आकडा कोणी देत नव्हतं. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि पुढे उद्योगांत ८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या हे राज्य सरकारचं धोरणच झालं. ते धोरण आजही आहे, आणि त्याचं पालन किती होतं यावर दर काही वर्षांनी तोच वाद नव्याने होतो.

दिल्लीत वाद निराळा होता. पंचवार्षिक योजनांत ‘शिल्लक बेरोजगार’ इतके लाख, तितके लाख असे आकडे दिले जात आणि अर्थतज्ज्ञांना ते पटत नसत. नियोजन आयोगाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठाचे प्रा. एम. एल. दांतवाला. १९७० च्या त्यांच्या अहवालाने सांगितलं की आपल्यासारख्या देशात बेरोजगारी एका संख्येत बसवूच नका. शेतकरी, रोजंदार, घरी बसून काम करणारी बाई, यांना ‘नोकरी आहे की नाही’ हा प्रश्नच लागू होत नाही. त्यातून वर्षभराची सर्वसाधारण स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती अशा वेगवेगळ्या मापांनी मोजण्याची पद्धत आली, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ च्या २७ व्या फेरीपासून ती वापरात आली. आजचा मासिक दरही त्यातल्या आठवड्याच्या मापाचा आहे.

हे माप प्रत्यक्षात कसं चालतं ते ठाण्यापलीकडच्या दिवा गावातल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून बघावं. पाहणीसाठी आलेली मुलगी टॅब्लेट घेऊन विचारते, गेल्या सात दिवसांत काय केलं? नवरा लेबर नाक्यावर रंगकामासाठी उभा राहतो. आठवड्यात दोनच दिवस काम मिळालं. तो रोजगारात. सात दिवसांत एका दिवशी तासभर काम केलं तरी पुरतं. बायको इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवते, नगावर पैसे. ‘काही नाही, घरीच असते,’ असं ती आधी सांगते. मुलगी खोदून विचारते तेव्हा खडे निघतात, आणि बायकोही रोजगारात. थोरला बी.कॉम. झालाय आणि पोलीस भरतीची तयारी करतो. या आठवड्यात त्याने कुठे अर्जही केला नाही आणि कामाला तयार आहे असंही तो म्हणत नाही, म्हणून तो श्रमशक्तीबाहेर, म्हणजे काम करणाऱ्यांत नाही आणि काम शोधणाऱ्यांतही नाही. अशा घरात बेरोजगार शून्य. यात लबाडी कुठेही झालेली नाही; व्याख्या जगभर साधारण अशीच आहे. पण हे घर बघून कोणी ‘इथे सगळं ठीक आहे’ म्हणणार नाही.

महाराष्ट्राने मात्र आकड्यावर न थांबता काम मागण्याचा हक्कच कायद्यात घातला, तीच रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळाने आलेली निकड, १९७७ चा कायदा आणि १९७९ पासून अंमल. मुंबईकराशी त्याचा थेट संबंध आहे, फक्त तो पगाराच्या स्लिपमध्ये दडलेला आहे. १९७५ पासूनचा व्यवसाय कर रोजगार हमीसाठीच लावला गेला. आज दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. फेब्रुवारीत शंभर जास्त का गेले, हे दरवर्षी ऑफिसात कोणीतरी विचारतंच.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. किती जणांची नोकरी गेली याचे अंदाज पाऊण लाखापासून दीड लाखापर्यंत आहेत, आणि या फरकातच सगळं आलं. वडापावची गाडी लावली, वॉचमन झाला, गावी परतला, अशा माणसाला कुठलाही तक्ता ‘नोकरी गेलेला’ म्हणत नव्हता. काम भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं, तिथे मस्टरच धड नाही. गिरणी कामगारांची खरी मोजणी झाली ती जवळजवळ तीन दशकांनी, जेव्हा गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांचा तंटा उभा राहिला. १ जानेवारी १९८२ ला जो पटावर होता तो पात्र, असं ठरलं. म्हाडाकडे दीड लाखाच्या घरात अर्ज आले. लोकांनी ट्रंका उपसून तिकीट नंबर, लाल पास, ईएसआयची कार्डं, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद बाहेर काढले. अनेकांच्या वतीने वारस आले होते.

त्यानंतरची मुंबई अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्राची, बीकेसीची म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाची, मॉलची आणि बॅगा पाठीवर टाकून फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांची. या शहराला जुने तक्ते पुरेनात. २०१७ मध्ये नियतकालिक श्रमशक्ती पाहणी सुरू झाली. तिचा पहिला अहवाल, २०१७-१८ चा ६.१ टक्के दर (हा आठवड्याच्या नव्हे, वर्षभराच्या स्थितीच्या मापाचा), सरकारने लोकसभा निवडणूक उरकल्यावर प्रसिद्ध केला. आकडा आधीच फुटला होता, आणि सांख्यिकी आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन यांनी राजीनामा दिला होता. पुढे २०२३-२४ पर्यंत त्याच मापाचा दर ३.२ टक्क्यांवर आला. त्याच काळात कामात असलेल्या वा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेलं. ही वाढ मोठी आहे, पण तिच्यात घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्यांचा वाटा बराच आहे. मुंबईतच असलेली सीएमआयई ही खासगी संस्था स्वतःच्या पाहणीतून वेगळा आणि बहुधा चढा दर देते. एप्रिल २०२० मध्ये देशभरात १२.२ कोटी लोकांचं काम गेल्याचा अंदाज तिचाच. दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला सोयीचा तो आकडा उचलतात.

भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक आकड्यांत महाराष्ट्र कायम वर दिसतो आणि राज्यकर्ते ते आवर्जून सांगतात. तिथे थोडं जपून वाचावं. नव्याने खातं उघडलं म्हणजे नवी नोकरी निर्माण झालीच असं नाही. आधीपासून चालू असलेली नोकरीही त्यात पहिल्यांदा नोंदली जाते. शिवाय मुख्य कार्यालय मुंबईत आणि माणूस दुसऱ्याच राज्यातल्या शाखेत, असंही असतं.

२०२५ पासून सरकारच्या श्रमशक्ती पाहणीचा नमुना वाढवलाय आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरलाय. जिल्हानिहाय चित्र मिळण्याची त्यामुळे शक्यता आहे, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने आपला वाटा उचलला तर अधिकच. पण पाहणी माणसाला घरी गाठते, कामाच्या जागी नाही. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे, आणि त्यांच्या कचेऱ्या-दुकानांत रोज येणारी माणसं ठाणे, पालघर, रायगडची. बदलापूरहून सकाळची लोकल पकडून बीकेसीत हाउसकीपिंगला येणारी बाई ठाणे जिल्ह्याच्या रोजगारात मोजली जाते, आणि बीकेसीतलं तिचं काम सुटलं तर बेरोजगारीही ठाण्याचीच वाढेल.