पंपाच्या विजेवर कुणाचा हक्क? अमेरिकेतल्या एका कायद्यामागची पार्श्वभूमी

2020 मध्ये अमेरिकी काँग्रेसने एक छोटासा कायदा केला. मोंटाना राज्यातल्या किन्सी आणि सिडनी इथल्या दोन सिंचन संस्थांना मिसुरी नदीच्या खोऱ्यातल्या पिक-स्लोन या सरकारी धरण-वीज प्रकल्पाची स्वस्त वीज पुढेही मिळत राहावी, एवढाच त्याचा विषय. त्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

शेतकऱ्यांनी एकत्र येऊन 'इरिगेशन डिस्ट्रिक्ट' म्हणजे सिंचन संस्था काढावी, जमिनीवर कर बसवून कालवे खोदावेत, ही सोय कॅलिफोर्नियाच्या राइट कायद्याने 1887 मध्ये केली. कोरडी जमीन सिंचनाखाली आणण्यासाठीच्या 1902 च्या रेक्लमेशन कायद्यानंतर केंद्र सरकार धरणं बांधण्यात उतरलं. पण पश्चिमेकडची कितीतरी जमीन नदीपेक्षा उंचावर. उतारावरून पाणी पोचत नाही तिथे उपसा करावा लागतो, आणि मग सगळं विजेच्या दरावर येऊन ठेपतं. थकीत बिलापायी ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांचे पंप थांबलेले पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको.

आयडाहोतल्या मिनिडोका धरणावर 1909 मध्ये वीजघर सुरू झालं ते स्नेक नदीचं पाणी उंचावरच्या शेतांवर चढवण्यासाठी. 1906 च्या कायद्याने जास्तीची वीज विकायला परवानगी दिली होती, त्यामुळे ती आसपासच्या गावांना मिळाली. रूपर्टची शाळा तर विजेवरच गरम होऊ लागली. क्रम मात्र ठरलेला होता: आधी पंप, मग विक्री. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत शहाणपणाचा निर्णय. पुढे कोलंबिया नदीवरच्या ग्रँड कूली धरणावर 1951 पासून प्रत्येकी 65,000 अश्वशक्तीचे पंप सुमारे 280 फूट वर पाणी चढवू लागले. तेवढी वीज बाजारभावाने घ्यायची वेळ आली असती, तर ती शेती उभीच राहिली नसती.

मिसुरी खोऱ्यासाठी 1944 च्या कायद्यातून पिक-स्लोन प्रकल्प आला. शेतकऱ्यांना न झेपणारा सिंचनाचा खर्च वीजविक्रीतून फेडायचा, आणि पंपांची वीज वेगळ्या, कमी दराने द्यायची, अशी त्याची रचना. यलोस्टोन नदीतून पाणी उचलणाऱ्या किन्सी आणि सिडनीलाही ही वीज वर्षानुवर्षं मिळत होती. पण ती देण्याला कायद्याचा आधार आहे का, असा प्रश्न निघाला आणि पंपांच्या बिलावरच गदा आली. सरकारी खात्याच्या पातळीवर तो सुटण्यासारखा नव्हता. म्हणून दोन्ही संस्थांची नावं थेट कायद्यात घालावी लागली.