अंतराळयानातील कौटुंबिक विनोदी मालिका : पार्श्वभूमी

अंतराळयानात राहणाऱ्या कुटुंबावर विनोदी मालिका ही कल्पना सोलापूरच्या हौशी रंगकर्मींना जवळची वाटावी, हे स्वाभाविक आहे. यान म्हणजे शेवटी दार उघडून बाहेर पडता न येणारी चाळच. मात्र या प्रकाराचा विचार करताना साठच्या दशकातील ‘लॉस्ट इन स्पेस’ या अमेरिकी मालिकेत झालेला गंभीरतेकडून विनोदाकडचा बदल टाळून पुढे जाता येत नाही.

सप्टेंबर 1965 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतले कुटुंब 1997 साली अल्फा सेंटॉरीकडे निघते आणि वाट चुकते. मूळ चाचणी भागात तिचा पुढे ओळखीचा झालेला कपटी डॉक्टर नव्हता आणि यंत्रमानवही नव्हता. दोघेही नंतर आले. पहिल्या हंगामाचे कृष्णधवल भाग सुरुवातीला बरेच गंभीर होते. जानेवारी 1966 पासून प्रतिस्पर्धी वाहिनीवर, बुधवारी त्याच वेळेला, ‘बॅटमॅन’ ही मुखवटाधारी नायकाची भडक आणि थट्टेखोर मालिका लागू लागली. या स्पर्धेत दुसऱ्या हंगामात चित्रण रंगीत झाले आणि त्याबरोबर उघड विनोदही आला. फेब्रुवारी 1968 मधील एका भागात तर बोलणारे गाजर खलपात्र म्हणून अवतरले. एकूण 83 भागांनंतर मालिका थांबली.

विनोदाने ही मालिका बुडवली, असे आजही म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. विनोद आला ही चूक नव्हती. तो डॉक्टर, धाकटा मुलगा आणि यंत्रमानव या तिघांपुरताच राहिला आणि आईवडील व थोरल्या मुली स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या वावरू लागल्या, ही चूक होती. कौटुंबिक विनोद एकमेकांच्या सवयींचा जाच सोसणाऱ्या सगळ्या माणसांतून उभा राहतो, आणि तो जाच इथे दाखवलाच गेला नाही.

पुढे 1978 मध्ये अंतराळातला कचरा गोळा करणाऱ्या यानावर ‘क्वार्क’ ही अल्पायुषी अमेरिकी मालिका आली. 1988 च्या ‘रेड ड्वार्फ’ या ब्रिटिश मालिकेत खाणकामाच्या यानावर एकच माणूस उरलेला होता. तिथे कुटुंब नव्हते, तरी भांडणे अस्सल घरगुती होती. 1997 च्या हंगामात तिने चित्रीकरणावेळी समोर बसलेला प्रेक्षक काढून टाकला आणि 1999 मध्ये तो परत आणला. साठच्या दशकातील कुटुंबाची 2018 ते 2021 मधील नवी आवृत्ती मात्र पुन्हा गंभीर वळणावर गेली.

या मालिकांनी स्वयंपाकघराकडे फारसे लक्ष दिले नाही. भारहीन अवस्थेत पावाचा चुरा तरंगतो, डोळ्यांत आणि उपकरणांत जातो; म्हणून 1985 पासून अमेरिकी अंतराळवीर पावाऐवजी टॉर्टिया या मऊ पोळ्या नेऊ लागले. आपल्या कल्पनेतल्या मालिकेतील सोलापूरच्या कुटुंबाला हाच नियम लावला, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्ही यानात वर्ज्य ठरतात. कडक भाकरीवाचून घास न उतरणारी आजी आणि यानाची सुरक्षा सांभाळणारी सून यांच्यात पहिल्याच भागात वाद पेटायला एवढे कारण पुरेसे आहे, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाला बाजू घ्यावी लागते.