नाणेघाटातले पाणी वर का जाते

दर पावसाळ्यात नाणेघाटातल्या ‘उलट्या धबधब्या’च्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर ठरावीक मजकूरही फिरतो: या जागी गुरुत्वाकर्षण काम करत नाही, आणि विज्ञानालाही हे कोडे सुटलेले नाही. पहिले विधान तपासणे सोपे आहे. गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर दर सेकंदाला सेकंदामागे सुमारे ९.७८ मीटर आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर असते. म्हणजे सबंध पृथ्वीवर मिळून फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा आहे. नाणेघाटात हातातून सुटलेला दगड पुण्यात पडतो तसाच पडतो. दुसरे विधान मला अधिक खटकते, कारण या धबधब्याचे स्पष्टीकरण उपलब्ध आहे, आणि ते कोणत्याही चमत्कारापेक्षा देखणे आहे.

जुन्नर तालुक्यातल्या घाटघरहून निघून नाणेघाटाच्या तोंडाशी यावे, तिथून कड्याच्या धारेने जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी जावे, वानरलिंगीचा सुळका पाहावा आणि रानातून पुन्हा घाटघरला यावे, अशी एक सुरेख फेरी आहे. या वाटेने चालणाऱ्याला एक विसंगती दिसते. एका अंगाला पठार इतके भिजलेले असते की पावलापावलाला ओहोळ आडवे येतात; पण कड्यावरून कोकणात कोसळणाऱ्या धारा मात्र त्या मानाने किरकोळ असतात. सह्याद्रीचे पठार पूर्वेकडे कलते आणि जलविभाजक रेषा, म्हणजे जिच्या दोन बाजूंचे पाणी दोन वेगळ्या दिशांना वाहते ती रेषा, पश्चिमेच्या कड्याला जवळजवळ चिकटून जाते, हे त्याचे कारण. त्यामुळे पठारावरचे बहुतेक पाणी कुकडी, घोड, भीमा आणि कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेच्या धारेच्या वाट्याला कड्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातले पाणी तेवढे येते. पुढे सांगणार आहे त्या साऱ्याचा पाया म्हणजे धारेचे हे दारिद्र्य.

आता वारा. जुलैत द्वीपकल्पावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमी वाऱ्याचा एक वेगवान पट्टा वाहतो, पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी तो १९६६ साली नोंदवला. हा वारा कोकण ओलांडून अर्ध्या किलोमीटरहून अधिक उंचीच्या भिंतीवर आदळतो. भिंत आडवी आली की हवेने वर चढलेच पाहिजे असे नाही. ती अडून राहू शकते किंवा बाजूने वळसाही घालू शकते. कोणता पर्याय निवडला जाईल हे फ्रूड अंकावरून कळते. वर ढकललेली हवा थंड होऊन आजूबाजूच्या हवेपेक्षा जड होते, खाली येते आणि अशी वरखाली आंदोलने घेते. वाऱ्याच्या वेगाला डोंगराच्या उंचीने आणि या नैसर्गिक उभ्या आंदोलनांच्या कोनीय वारंवारतेने भागले की हा अंक मिळतो. वेग सेकंदाला १२ मीटर, उंची ७०० मीटर आणि ही वारंवारता सेकंदाला ०.०१ धरली, तर अंक १.७ येतो, आणि तो एकाहून मोठा असल्यामुळे हवा डोंगर ओलांडते. पावसाळ्यात तिला आणखी एक मदत मिळते. कोरडी हवा वर चढताना किलोमीटरमागे जवळजवळ १० अंश सेल्सिअसने थंड होते, पण बाष्पाने संपृक्त झालेल्या उबदार हवेतल्या बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तिचे थंड होणे निम्म्यावर येते. साहजिकच ती आजूबाजूच्या हवेपेक्षा फारशी जड होत नाही, तिची आंदोलने मंदावतात आणि अंक आणखी वाढतो. कड्यापाशी या हवेला जवळजवळ सरळ वर जावे लागते, आणि माथ्याच्या काठावर प्रवाह दाटून तिचा वेग वाढतो.

तरीही पाण्याची अखंड धार वारा उचलू शकत नाही. तो उचलतो थेंब, आणि या साऱ्या गोष्टीतला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे.

पडणाऱ्या थेंबावर दोन बले काम करतात: खाली ओढणारे वजन आणि वर ढकलणारा हवेचा रोध. वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मोठ्या थेंबांच्या बाबतीत रोध साधारणपणे व्यासाच्या वर्गाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही सारखी झाली की थेंबाचा वेग वाढायचा थांबतो. ०.१ मिलिमीटरच्या सूक्ष्म थेंबाचा हा अंतिम वेग सेकंदाला २७ सेंटिमीटर, १ मिलिमीटरच्या थेंबाचा सुमारे ४ मीटर, २ मिलिमीटरच्या थेंबाचा साडेसहा मीटर आणि ५ मिलिमीटरच्या थेंबाचा ९ मीटर असतो. वर जाणाऱ्या हवेचा वेग यापेक्षा अधिक झाला की तो थेंब वर जाणार.

मग याहून मोठ्या थेंबांचे काय? ते टिकतच नाहीत. थेंबाला गोल ठेवण्याचे काम पृष्ठताण करतो, आणि त्याची पकड थेंब मोठा होईल तशी ढिली पडते. उलट हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. मोठा थेंब आधी खालून चपटा होतो, मग वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीसारखा मधोमध वर फुगतो आणि अखेर फुटून त्याचे अनेक बारीक थेंब होतात. फिलिप लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने उभ्या वातप्रवाहात थेंब तरंगते ठेवून हे अभ्यासले आणि १९०४ साली दाखवून दिले की सुमारे साडेपाच मिलिमीटरपेक्षा मोठे थेंब फुटतात. याचा अर्थ असा की, धार एकदा थेंबांत विखुरली की सेकंदाला ९-१० मीटर, म्हणजे ताशी ३२ ते ३६ किलोमीटर वेगाचा वरचा झोत तिला जवळजवळ संपूर्ण उचलू शकतो. असा झोत नाणेघाटाच्या काठावर जुलैत दुर्मीळ नाही.

धार पातळ असेल तरच ती अशी पुरती विखुरते. पाण्याचा लोंढा मोठा असेल तर आतल्या पाण्यापर्यंत वारा पोहोचतच नाही आणि कडेचे तुषार तेवढे उडतात. शिवाय काठावरून नुकत्याच सुटलेल्या पाण्याला खाली जाण्याचा वेग फारसा नसतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी वारा सर्वांत जोरात असतो. वर उडालेले पाणी पठारावर पडते आणि बहुतेक पुन्हा त्याच ओहोळात उतरून काठाकडे येते. जलविभाजक जिथे काठाला अगदी लागून आहे, तिथे काही थेंब पलीकडे पडत असणार. म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जाणारे पाणी वाऱ्यामुळे कुकडीच्या वाटेला लागते.

याच लेनार्डने १८९२ साली फुटणाऱ्या थेंबांमुळे धबधब्याजवळची हवा विद्युतभारित होते हे दाखवले होते. त्या अस्सल शोधाचा आधार घेऊन आज ‘ऋण आयन’, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, देणारी कडी आणि माळा आरोग्याच्या नावाखाली विकल्या जातात. धबधब्याजवळ प्रसन्न वाटते हे खरे, पण त्यावरून मनगटातल्या कड्याने आजार बरे होतात असे ठरत नाही. तिथे पैसे घालवू नयेत.

उलटा धबधबा पाहायचा तर मुसळधार सरीच्या ऐन भरात जाण्यापेक्षा सर ओसरून धार बारीक झाल्यावर, पण वारा टिकून असताना जावे. सप्टेंबरात वारा मंदावला की तेच पाणी मुकाट्याने खाली पडते. कड्याजवळ एक फसवी गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. काठावरून वर उसळलेली हवा पठारावर लगेच टेकत नाही. काठामागे काही अंतरापर्यंत तिच्या खाली भोवऱ्यासारखी मंद हवा असते. तिथे उभ्या असलेल्याला वारा पडला असे वाटते, आणि एकदोन पावले पुढे टाकताच तो पुऱ्या झोतात येतो. सेकंदाला १५ मीटर वेगाचा वारा उभ्या माणसाला साधारण आठ-नऊ किलो वजनाइतक्या बलाने ढकलतो, आणि अंगावर फडफडणारा सैल रेनकोट असेल तर हे बल सहज दुपटीच्या घरात जाते. वाऱ्यावर रेलून उभे राहिलेल्याचा आधार झोत ओसरताच क्षणात नाहीसा होतो आणि तोल कड्याच्या बाजूला जातो. म्हणून काठापासून चांगले दूर बसून पाहावे. वर उडणारे पाणी तिथूनही पूर्ण दिसते.