बंदराकडचा वारा आणि संधिसाधू बुरशी

2021 च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टर मावशीला तिच्या दिरांचा आजार समजावून सांगत होते. "ही बुरशी ऑपॉर्च्युनिस्टिक असते." मावशी म्हणाली, "म्हणजे संधिसाधू? आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्यांसारखी?" डॉक्टर मास्कआडून हसले.

भाषांतर मात्र चोख होतं. म्युकरमायकोसिसची, म्हणजे 'काळी बुरशी' म्हणतात त्या आजाराची, बुरशी मातीत, कुजक्या पाचोळ्यात कायमच असते. श्वासावाटे नाकात जाते, पण धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. कोविड, चढलेली साखर आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खचली की तिचं फावतं.

गंमत म्हणजे शब्दाचं मूळ शिवीचं नाही. लॅटिनमध्ये 'ऑपॉर्चुनस' म्हणजे बंदराच्या दिशेने नेणारा वारा. शिडाच्या जहाजाला यापेक्षा शुभ काय? त्याला डाग लागला तो राजकारणात. 1870 च्या दशकात फ्रान्समध्ये गाम्बेता हे पुढारी आणि त्यांचे मवाळ प्रजासत्ताकवादी सुधारणा योग्य वेळ पाहून, टप्प्याटप्प्याने करू म्हणत. विरोधकांनी त्यांना 'ऑपॉर्च्युनिस्ट' म्हणून हिणवलं. पुढे लेनिनने हाच शब्द आपल्याच चळवळीतल्या तडजोडवाल्यांवर फेकला. 'ऑपॉर्च्युन' म्हणजे वेळेवर आलेलं, पण 'ऑपॉर्च्युनिस्टिक' म्हणजे तत्त्व गुंडाळून वेळ साधणारं. इंग्रजीत हा फरक तेव्हापासूनचा.

वैद्यकाने शब्द पुन्हा धुऊन घेतला. जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची चाहूल लागली ती अशा संधिसाधू संसर्गातून. भोसरीत 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. एड्सवरच्या मराठी माहितीपत्रकांतही 'संधिसाधू संसर्ग' आला. इथे दोष कुणाचाच नाही, फक्त दुबळेपणाची वाट पाहणं आहे. जीवशास्त्रज्ञ कावळ्यालाही याच अर्थाने ऑपॉर्च्युनिस्टिक म्हणतात: मिळेल ते खाणारा.

मराठीची अडचण वेगळी. आपली 'संधी' मुळात सांधा. संधिवात, संधिप्रकाश त्यातलेच. फलंदाजाने संधी साधली तर टाळ्या, पण 'साधू' जोडला की बदनामी. (या साधूचा भगव्याशी संबंध नाही, तो 'साधणे'मधला.) म्हणून इंग्रजी वाक्यात हे विशेषण दिसलं, की आधी विषय बघावा. रोग किंवा प्राणी असेल तर ते नुसतं वर्णन, माणूस किंवा पक्ष असेल तर बहुधा टोमणा.

दीर सुखरूप घरी आले. परवा स्वारगेटला पाऊस कोसळायला लागला आणि रिक्षावाल्याने मीटरच्या दुप्पट मागितले. मावशी छत्री उघडत पुटपुटली, "म्युकर मेला!"