जिलेटिनवर पडणारं शुक्राणूचं खळं

वीर्य तपासणीच्या रिपोर्टमध्ये संख्या, हालचाल, आकार सगळं ठीक असतं, तरीही दिवस राहत नाहीत. हा रिपोर्ट शुक्राणू मोजतो. बीजाचं कवच भेदून आत शिरायची ताकद त्यांच्यात आहे का, हे तो सांगत नाही.

शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते, अ‍ॅक्रोसोम. तिच्यात अ‍ॅक्रोसिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम निष्क्रिय रूपात साठवलेलं असतं. आपल्या आतड्यातलं ट्रिप्सिन याच्याच कुळातलं.

कवच भेदायच्या कामी येणारं हे अ‍ॅक्रोसिन तपासायची एक पद्धत चक्क डोळ्यांना दिसते. काचपट्टीवर 5 टक्के जिलेटिनचे 20 मायक्रोलिटर पसरतात, पट्टी रात्रभर 4 अंश सेल्सिअसला ठेवतात आणि 0.05 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये थर पक्का करतात. ग्लुकोज घातलेल्या बफरमध्ये दहापट विरल केलेलं वीर्य त्यावर पसरून, पट्टी ओलसर डब्यात 37 अंशांना 2 तास ठेवली, की मायक्रोस्कोपखाली सुंदर दृश्य दिसतं. चंद्राला खळं पडावं तसं एकेका डोक्याभोवती जिलेटिन विरघळून स्वच्छ वर्तुळ पडलेलं असतं. दहा खळ्यांचा व्यास मोजायचा आणि 100 शुक्राणूंपैकी कितींना खळं पडलं ते मोजायचं. अ‍ॅक्रोसोमच नसलेल्या गोल डोक्याच्या शुक्राणूंभोवती जिलेटिन जसंच्या तसं राहतं.

दुसरी पद्धत रंगाची. डिटर्जंटने अ‍ॅक्रोसोम फोडून एन्झाइम बाहेर काढतात आणि बीएपीएनए हे रसायन त्याला तोडायला देतात. जितकं तुटेल तितका पिवळा रंग चढतो. तो 410 नॅनोमीटरवर मोजतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शुक्राणू धुण्यात. वीर्यद्रवात अ‍ॅक्रोसिनला रोखणारी द्रव्यं असतात. म्हणून रंगाच्या चाचणीत शुक्राणू फायकॉल या दाट द्रावणाच्या थरातून सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, वेगळे करून घेतात. तिथे घाई झाली, तर चांगला नमुनाही कमजोर ठरतो. उलट, नमुन्यात पांढऱ्या पेशी खूप असतील तर त्यांचीही एन्झाइमं असतात आणि आकडा फुगू शकतो. अ‍ॅक्रोसोम आधीच फुटून गेला असेल, तर मोजायला उरतंच काय?

या आकड्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न खराच आहे. 1994 मध्ये अ‍ॅक्रोसिन नसलेल्या उंदरांनाही पिल्लं झाली. पण 2020 मध्ये अ‍ॅक्रोसिन नसलेले हॅमस्टर नर वंध्य निघाले; त्यांचे शुक्राणू बीजाच्या कवचापाशीच अडकले. म्हणजे प्राण्यागणिक गणित बदलतं. त्यामुळे एका रिपोर्टवर माणसाला वंध्य ठरवणं चूकच. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधल्या तापाचाही परिणाम होतो; तेव्हा 3 महिन्यांनी पुन्हा तपासावं. दोन्ही वेळा आकडा कमी आला तर डॉक्टरांशी इक्सीबद्दल बोलता येतं, कारण त्यात सुईने शुक्राणू थेट बीजात सोडतात आणि कवच भेदण्याचा प्रश्नच उरत नाही.