इलेव्हन-ट्वेल्व्ह बाराच्या हिशेबातून आलेले नाहीत

आमच्या सोलापुरात इंग्रजीच्या शिकवणीला पोरं हमखास विचारतात: थर्टीन, फोर्टीन, मग अकराला 'वनटीन' का नाही? उत्तरही ठरलेलं: इंग्रज पूर्वी बाराच्या पटीत मोजायचे, म्हणून बारापर्यंत वेगळी नावं. मीही कितीतरी वर्षं हेच खरं मानलं. पण ते चूक आहे.

फुटाचे 12 इंच, शिलिंगचे 12 पेन्स, ही मापं बाराची होती हे खरं. शब्द मात्र दहाचेच. जुन्या इंग्रजीत इलेव्हन होता 'एन्डलेओफन', ट्वेल्व्ह होता 'ट्वेल्फ'. गॉथिकमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या नात्यातल्या एका जुन्या, आता लुप्त झालेल्या भाषेत, तेच 'आइनलिफ' आणि 'ट्वालिफ'. सुरुवातीला एक नि दोन, आणि मागचा 'लिफ' म्हणजे उरलेलं. दहा मोजून झाले, एक उरला. दहा मोजून झाले, दोन उरले. लिथुआनियन भाषेत तर अकरापासून थेट एकोणीसपर्यंत सगळे आकडे याच चालीचे आहेत, तिथे बाराला थांबणं नाहीच.

टॉवेलचे गठ्ठे बांधताना आपण म्हणतो तो डझनसुद्धा फ्रेंचमार्गे लॅटिन 'दुओदेकिम'वरून आला: दोन आणि दहा.

आणि हे समजायला आपलं गावच पुरेसं आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरात अकराला 'पदकोंडु' म्हणतात, कन्नड घरात 'हन्नोंदु'. दोन्हींत आधी दहा, मग एक. आपलं 'अकरा' आलं एकादशवरून, त्यात एक आधी आणि दहा नंतर.