कपाटाच्या किल्लीपासून लॉगिनपर्यंत

इंदूरच्या पोलीस ठाण्यांत 'निगरानी बदमाश' हा शब्द पूर्वापार चालत आला आहे. ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्याची सगळी हकीकत एका फाइलीत आणि ती फाइल कपाटात. पाहायची तर ठाण्यात जावे लागे, मुंशीला सांगून काढून घ्यावी लागे. कागदाच्या या अडचणीनेच त्या माणसाची थोडीफार अब्रू राखली, असे मला वाटते.

पाळतीचा वाद मध्य प्रदेशातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. 'गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश' या १९७५ च्या खटल्यात घरी जाऊन चौकशी करण्याची मुभा देणारे पोलीस विनियम ८५५ आणि ८५६ कायम राहिले. मात्र समाजाला खरोखर धोका असलेल्यांपुरतेच ते वापरा, असे न्यायालयाने बजावले.

त्याच वर्षी अमेरिकेत प्रश्न पुढच्या टप्प्यावर होता. एफबीआयची संगणकीय नोंदयंत्रणा १९६७ पासून चालू होती, म्हणजे अटकेची नोंद क्षणात दुसऱ्या राज्यात पोहोचत होती. खटल्यात माणूस सुटला तरी ते मागाहून कळे किंवा कळतच नसे. म्हणून १९७५ च्या नियमांनी निकाल ९० दिवसांत नोंदवणे, नोंद कुणाला दिली ते लिहून ठेवणे, अनधिकृत माणसाला यंत्रणेपासून दूर ठेवणे आणि तपासणी करणे बंधनकारक केले. सुरक्षा म्हणजे केवळ चोरीपासून बचाव नव्हे, नोंद खरी आणि पूर्ण असणे हीसुद्धा सुरक्षाच, हे त्यातले मर्म.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो १९८६ मध्ये आला आणि ठाणी संगणकाने जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. संवेदनशील प्रकरणे वगळून एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१६ मध्ये झाला. आरोपीच्या हक्कासाठी ते योग्यच होते, पण त्याचे नाव शेजाऱ्यालाही दिसू लागले.

आरोपी-गुन्हेगारांची ओळख पटवण्यासाठीच्या २०२२ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे, बुबुळांचे स्कॅन ७५ वर्षे ठेवता येतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळे सांगितल्याखेरीज ते नष्ट करायचे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने गुन्हे तपासाला बहुतेक बंधनांतून सूट दिली, तरी माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी सोडली नाही. आणि २०२४ मध्ये, दिल्लीच्या एका प्रकरणात, 'हिस्ट्रीशीट', म्हणजे पाळतीवरच्या माणसाची पोलिसांकडची फाइल, हा अंतर्गत कागद आहे, तो लोकांसमोर येता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. विमुक्त जमातींच्या निरपराध माणसांची नावे निव्वळ जातीवरून त्यात चढतात, याचीही दखल घेऊन सर्व राज्यांना धोरण तपासायला सांगितले.